आधी बुडायला शिका

हेलिकॉप्टरला नाइलाजाने समुद्रात उतरावे लागले, तर ते होडीसारखे तरंगत राहील अशी आपली समजूत असते. पण त्याचे इंजिन आणि गिअरबॉक्स छतावर असतात. जड भाग वर, पोकळ भाग खाली. लाटा जरा मोठ्या असल्या की ते कलते आणि बघता बघता पालथे होते. आतला माणूस उलटा लटकलेला, नाकातोंडात पाणी, डोळ्यांसमोर बुडबुडे आणि अंधार. अशा वेळी माणसाचा हात आपोआप सीटबेल्टच्या खटक्यावर जातो. नेमका तोच हात त्याचा घात करतो.

बेल्ट सुटला की माणूस तरंगत वर जातो, आणि आता वर असते ती केबिनची जमीन. खिडकी डावीकडे होती की उजवीकडे, हे कळेनासे होते. समजा खिडकी सापडली, तरी ती ढकलताना तो स्वतःच मागे सरकतो, कारण पाण्यात पाय रोवायला जागा नसते. म्हणून क्रम उलटा शिकवतात. पाण्यावर आदळण्याआधी एक हात खिडकीच्या चौकटीवर ठेवायचा, दुसरा खटक्यावर. केबिन गरगर फिरायची थांबेपर्यंत काहीही करायचे नाही. मग बेल्टच्या आधाराने खिडकी बाहेर ढकलायची, चौकट घट्ट धरायची, आणि सगळ्यात शेवटी बेल्ट सोडून त्या हाताच्या दिशेने स्वतःला बाहेर ओढायचे. चौकटीवरचा हात एकदाही सुटता कामा नये.

हे वाचून कळते, पण वळत नाही. त्यासाठी प्रशिक्षण केंद्राच्या तलावात केबिनचा सांगाडा क्रेनने खाली सोडतात, पाण्याखाली तो १८० अंशांत फिरवतात आणि बाजूला पाणबुडे उभे ठेवून शिकाऊ माणसांना पुन्हा पुन्हा बाहेर पडायला लावतात. पहिल्या खेपेला बहुतेकांचा हात खटक्याकडे जातोच.

समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कामात असे प्रसंग पावलोपावली येतात. थंड पाण्यात पडल्यावर हातपाय मारत सुटणे, हलत्या बोटीवरून शिडीकडे झेप घेणे, आगीवर धावून जाणे, दोरीला लटकलेल्या जोडीदाराला एकट्याने वर ओढू पाहणे, या सगळ्या माणसाच्या स्वाभाविक प्रतिक्रिया आहेत आणि तिथे त्या जिवावर बेततात. सुरक्षा प्रशिक्षणात माहिती द्यायची असतेच, पण त्याहून अवघड काम असते ते अंगात मुरलेली प्रतिक्रिया काढून तिच्या जागी दुसरी अंगवळणी पाडण्याचे. म्हणून हे प्रशिक्षण फळ्यापुढे थोडे आणि तलावात, शिडीवर, दोरीवर जास्त चालते.

पाच धडे

समुद्रात वारा पकडून वीज करण्याचा उद्योग तसा तरुण आहे. डेन्मार्कमध्ये विंडेबी इथे १९९१ साली जगातला पहिला सागरी पवनऊर्जा प्रकल्प सुरू झाला. किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर ११ टर्बाइन, प्रत्येकाची क्षमता ४५० किलोवॉट. २०१७ मध्ये तो मोडीत काढला गेला. त्याच उत्तर युरोपात, इंग्लंडच्या यॉर्कशायर किनाऱ्यापासून सुमारे ८९ किलोमीटरवर २०२२ मध्ये ‘हॉर्नसी २’ पूर्ण झाला. तिथे १६५ टर्बाइन आहेत आणि त्यांतले एकेक ८ मेगावॉटचे. म्हणजे विंडेबीचा अख्खा प्रकल्प तिथल्या एका टर्बाइनलाही पुरा पडत नाही. पाते ८१ मीटर लांब, आणि ते सरळ वर उभे असताना त्याचे टोक समुद्रापासून सुमारे २०० मीटर उंचीवर.

टर्बाइन वाढले, किनारा दूर गेला, पण दुरुस्तीला जाणारा माणूस तेवढाच राहिला. त्याला बोटीतून जायचे, शिडीने चढायचे, मनोऱ्याच्या डोक्यावरच्या खोलीत, म्हणजे नॅसेलमध्ये, गिअर, जनरेटर आणि उच्च दाबाच्या विजेशेजारी काम करायचे आणि संध्याकाळी त्याच वाटेने परतायचे. दर्यावर्दीचा, गिर्यारोहकाचा, वीजतंत्रज्ञाचा आणि फिटरचा असे चार धोके एकाच माणसाच्या वाट्याला येतात, आणि मदत किनाऱ्यावर असते.

सुरुवातीच्या काळात प्रत्येक कंपनीची प्रशिक्षणाची मागणी निराळी असे. एकाकडे केलेला कोर्स दुसरीकडे चालत नसे. तोच धडा माणूस नव्याने गिरवी. टर्बाइन बनवणाऱ्या आणि चालवणाऱ्या कंपन्यांनी मिळून ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन ही संस्था उभी केली आणि २०१२ मध्ये पायाभूत सुरक्षा प्रशिक्षणाचे सामाईक मानक आणले. या ‘जीडब्ल्यूओ’ मानकात पाच धडे आहेत: प्रथमोपचार, वजन उचलण्याची पद्धत, आगीविषयी सावधगिरी, उंचीवरचे काम आणि समुद्रात तग धरणे. जमिनीवरच्या पवनचक्क्यांसाठी पहिले चार पुरतात, पाचवा समुद्रासाठी. प्रमाणपत्राची मुदत २४ महिन्यांची. ती संपण्याआधी उजळणी केली तर ठीक, नाही तर सगळा कोर्स पहिल्यापासून. कोणाचे प्रशिक्षण कधी झाले याची नोंद ‘विंडा’ नावाच्या सामाईक माहितीकोशात असते. बोटीवर चढण्याआधी ती नोंद पाहून माणसाला घ्यायचे की नाही हे ठरवता येते. हेलिकॉप्टरमधून सुटकेचा धडा या पाचांत नाही. जिथे हेलिकॉप्टरने ये-जा असते तिथे तो वेगळा घ्यावा लागतो.

पहिले मिनिट

समुद्रात पडलेला माणूस थंडीने गोठून मरतो, असे दीर्घकाळ मानले जाई. शास्त्रज्ञ फ्रँक गोल्डन आणि माइक टिप्टन यांच्या संशोधनाने हा समज बदलला. थंड पाण्यातले पुष्कळ मृत्यू पहिल्या काही मिनिटांतच होतात, आणि तेवढ्या वेळात शरीर आतून थंड झालेलेच नसते. मारतो तो धक्का. साधारण १५ अंश सेल्सिअसपेक्षा थंड पाणी एकदम कातडीला लागले की माणूस न ठरवता मोठा श्वास आत ओढतो आणि मग धापा टाकू लागतो. एरवी मिनिटभर श्वास रोखू शकणाऱ्याला इथे दहा सेकंदही रोखता येत नाही. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उसळतात. तो पहिला श्वास पाण्याखाली घेतला गेला, की खेळ संपला. कमरेला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला पट्टीचा पोहणाराही इथे फसतो, कारण पोहण्याआधी श्वास ताब्यात लागतो आणि तोच त्याच्या हाती नसतो.

कॅनडातील संशोधक गॉर्डन गिस्ब्रेक्ट यांनी यावर लक्षात ठेवायला सोपे सूत्र दिले: १-१०-१. पहिले एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यासाठी. त्यानंतर सुमारे दहा मिनिटे हातपाय कामाचे असतात. दोरी पकडणे, बकल लावणे, तराफ्यावर चढणे हे तेवढ्यात उरकायचे. पुढे बोटे बधिर होतात. शुद्ध हरपायला मात्र साधारण एक तास लागतो. म्हणजे वेळ माणसाला वाटतो त्यापेक्षा जास्त असतो, फक्त पहिले मिनिट जिंकता आले पाहिजे. म्हणून शिकवतात ते असे: पाण्यात पडल्यावर पोहू नका. लाइफजॅकेटच्या भरवशावर पाठीवर स्थिर तरंगा, तोंड लाटेपासून फिरवा, श्वास शांत होऊ द्या. मगच पुढचे बघा.

यात एक उमेद वाढवणारी गोष्टही आहे. टिप्टन यांच्या प्रयोगांत दिसले, की पाच-सहा वेळा काही मिनिटे थंड पाण्यात उतरलेल्या माणसाला हा धक्का निम्म्याच्या आसपासच बसतो आणि हा परिणाम कित्येक महिने टिकतो. इथे मन नव्हे, प्रत्यक्ष शरीरच शिकते.

तलावातला पुढचा धडा लाइफराफ्टचा. हा फुगवता येणारा तराफा पाण्यात पडताना कधी उलटा फुगतो. तो सुलटा करायला एका माणसाला त्याच्या बुडावर चढून, तिथल्या पट्ट्या धरून, अंगाचे वजन मागे टाकावे लागते. तराफा अंगावर पालथा होतो आणि माणूस क्षणभर त्याच्याखाली जातो. तिथे घाबरून धडपडायचे नाही. हाताने कापड ढकलत बाजूने बाहेर यायचे. आत चढल्यावर ठरलेली कामे ठरल्या क्रमाने: जहाजाला बांधलेली दोरी कापा, सागरी नांगर टाका म्हणजे तराफा कमी वाहत जाईल, दारे बंद करा म्हणजे ऊब टिकेल, आणि मग गळती, पाणी, जखमी यांची देखभाल. पाण्यातच थांबावे लागले तर गुडघे पोटाशी घेऊन आणि हात अंगाशी आवळून ऊब राखायची. सोबत माणसे असतील तर एकमेकांना बिलगून कडे करायचे. हवेतून शोधणाऱ्याला एकटे डोके दिसत नाही, माणसांचा घोळका दिसतो.

आणि सुटका झाली म्हणजे धोका टळला असेही नाही. पाण्याचा दाब पायांतले रक्त वर ढकलत असतो. माणसाला उभ्याने पाण्याबाहेर ओढले की तो दाब जातो, रक्त पायांत उतरते आणि दमलेले हृदय कोलमडू शकते. म्हणून शक्य तिथे बुडत्याला आडवेच वर घेतात आणि नंतरही चालू देत नाहीत. “मी ठीक आहे” असे तो म्हणाला तरी आडवेच ठेवतात.

एका पावलाचे अंतर

समुद्रातल्या टर्बाइनवर जाताना सर्वांत धोक्याचे अंतर एका पावलाचे असते: बोटीच्या नाळेपासून शिडीपर्यंतचे. कामगारांची ने-आण करणाऱ्या बोटी बहुधा दुहेरी सांगाड्याच्या आणि २० ते ३० मीटर लांब असतात. कप्तान बोटीचे रबरी तोंड टर्बाइनच्या पायाशी असलेल्या दोन उभ्या पोलादी नळ्यांवर टेकवतो आणि इंजिनाच्या जोराने तिथेच दाबून धरतो. रबर आणि पोलाद यांच्या घर्षणावर बोट जागच्या जागी थांबते. लाटेने जास्त उचलले तर ती पकड सुटते आणि बोट अचानक दीड-दोन मीटर खाली किंवा वर जाते. म्हणून लाटांची उंची साधारण दीड मीटरच्या पुढे गेली की अशा बोटींवरून सहसा माणसे उतरवत नाहीत.

नवख्याला वाटते, धोका पाण्यात पडण्याचा आहे. त्याहून मोठा धोका असतो शिडीवर पाय ठेवल्यानंतर बोट वर येऊन पाय चिरडण्याचा. त्यामुळे शिकवतात ते पडण्याइतकेच थांबण्याविषयी. डेकवरचा खलाशी इशारा देईपर्यंत पुढे यायचे नाही. आपोआप गुंडाळली जाणारी सुरक्षादोरी छातीच्या कडीत अडकवायची. दोन्ही हात मोकळे. पिशवी मागाहून दोरीने वर येईल. दोन-तीन लाटा नुसत्या बघायच्या. बोट स्थिर असताना, झेप न घेता, साधे पाऊल टाकायचे आणि लगेच वर चढायचे, शिडीवर रेंगाळायचे नाही. मन धजावत नसेल तर नाही म्हणायचे. या क्षेत्रातल्या चांगल्या कंपन्या ‘काम थांबवण्याचा अधिकार’ प्रत्येकाला देतात, अगदी पहिल्या दिवशी आलेल्या उमेदवारालाही. हा अधिकार कागदावर देणे सोपे. बारा जण बोटीत खोळंबले असताना तो वापरणे कठीण. म्हणून प्रशिक्षणात त्याचाही सराव हवा.

किनाऱ्यापासून दूरच्या प्रकल्पांवर आता मोठी निवासी जहाजे असतात. त्यांच्यावरचा पूल जहाजाचे हेलकावे क्षणाक्षणाला मोजून उलट दिशेने हलतो आणि टर्बाइनकडच्या टोकाशी स्थिर राहतो. डेल्फ्ट इथल्या तंत्रज्ञान विद्यापीठातून निघालेल्या अँपलमान या डच कंपनीने हे तंत्र नावारूपाला आणले. त्यावरून माणूस झेपही घेत नाही, शिडीही पकडत नाही, चालत जातो.

दोरीवर लटकलेला माणूस

उंचीवर नियम एकच: कुठल्याही क्षणी किमान एक दोर पक्का अडकवलेला हवा. म्हणून हार्नेसला दोन दोर असतात. एक पुढे अडकवल्याशिवाय मागचा सोडायचा नाही. दोराला झटका शोषणारी घडी शिवलेली असते. माणूस पडला की तिचे टाके उसवत जातात आणि शरीरावरचा झटका ६ किलोन्यूटनच्या आत राहतो. मात्र दोराची लांबी, उसवलेली घडी आणि माणसाची उंची धरली तर खाली पाच-सहा मीटर मोकळी जागा लागते. ती नसेल तर दोर असूनही माणूस खालच्या फळीवर आदळतो. दोर कुठे अडकवायचा, डोक्यावर की पायापाशी, याचा हिशेब म्हणूनच घोकून घेतात.

पण पडताना वाचणे ही अर्धीच गोष्ट. निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांचे स्नायू हलत नाहीत, मांड्यांवर पट्टे रुततात, रक्त पायांत साठते आणि मेंदूला कमी पडू लागते. काही मिनिटांतच त्याला घेरी येऊ शकते. अग्निशमन दलाची वाट पाहण्याइतका वेळ नसतो आणि समुद्रात दलही नसते. जोडीदाराने बरोबरची सुटका-पेटी उघडून त्याला स्वतःच खाली किंवा वर घ्यायचे असते. म्हणून टर्बाइनमध्ये कोणी एकटा चढत नाही. हाताने ओढायला जाल तर दोघेही अडकाल, हे शिकाऊ माणसाला प्रत्यक्ष ओढून दाखवावे लागते. ८० किलोचा बेशुद्ध देह हाताने उचलत नाही. कप्पी लावून, भार दोरांवर वाटून, शांतपणे तो हलवावा लागतो.

आगीचा धडा तर याहून उलटा. छोटी आग, हातात अग्निशामक, पाठीशी मोकळी वाट: तरच विझवायला जायचे. नाही तर बाहेर पडायचे. नॅसेलला मागच्या बाजूला झडप असते. तिथून ठरावीक वेगाने खाली सोडणाऱ्या उपकरणाला स्वतःला जोडून उतरता येते. पण ते उपकरण हाताशी हवे आणि त्यापर्यंतची वाट धुराने अडलेली नको. नेदरलँड्समध्ये ओल्टगेन्सप्लाट इथे २९ ऑक्टोबर २०१३ रोजी जमिनीवरच्या एका टर्बाइनला देखभालीच्या वेळी आग लागली. चार जण वर होते. दोघे निसटले, १९ आणि २१ वर्षांचे दोघे तरुण वरच अडकले आणि गेले. या घटनेनंतर सुटकेच्या वाटा आणि उपकरणे नेमकी कुठे ठेवायची, यावर या उद्योगात पुष्कळ चर्चा झाली.

जिथे रुग्णवाहिका येत नाही

शहरात प्रथमोपचार म्हणजे रुग्णवाहिका येईपर्यंतची दहा-पंधरा मिनिटे. ८९ किलोमीटर आत समुद्रात ती काही तासांचीही होऊ शकते. म्हणून इथल्या प्रथमोपचारात जोराचा रक्तस्राव थांबवणे, छाती दाबून हृदय चालू ठेवणे, विजेचा धक्का देणारे यंत्र वापरणे यांवर भर असतो. पुढच्या पातळीवरच्या कोर्सांत जखमीला स्ट्रेचरवर बांधून पाती जोडलेल्या हबच्या अरुंद पोकळीतून नॅसेलमध्ये आणणे आणि तिथून खाली उतरवणे शिकवतात. हेलिकॉप्टर आलेच तर पाती ठरावीक स्थितीत कुलूपबंद करावी लागतात. वरून सोडलेल्या तारेला लगेच हात लावायचा नसतो, कारण हवेतल्या हेलिकॉप्टरवर स्थिर विद्युतभार साठतो. तार आधी टर्बाइनला टेकू द्यायची, मग धरायची.

यांच्यापुढे वजन उचलण्याचा धडा अगदीच कंटाळवाणा वाटतो. गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, वस्तू अंगाजवळ धरा, कंबर पिळू नका. पण रोज शिडी चढणाऱ्या, अडचणीच्या जागी पाने फिरवणाऱ्या तंत्रज्ञांना पाठ, खांदे आणि गुडघे यांच्या दुखण्यांनी जितके गाठलेले असते, तितके आगीने किंवा लाटेने नसते. पस्तिशीत गुडघे गेलेला कुशल माणूस ही अपघाताच्या बातमीत न येणारी हानी आहे. विजेच्या बाबतीतही तसेच: नुसते बटण बंद करून भागत नाही. जो काम करणार त्याने स्वतः खटका बंद करून स्वतःचे कुलूप लावायचे, चावी खिशात ठेवायची, आणि तारेत वीज नाही हे मोजून बघायचे.

शिकवण कुठे थांबते

इतके सगळे शिकवूनही एक मर्यादा उरते. कौशल्य ओसरते. छाती दाबून पुनरुज्जीवन करण्याचे तंत्र शिकल्यानंतर तीन ते सहा महिन्यांतच ढिले पडू लागते, हे वैद्यकीय अभ्यासांत वारंवार दिसले आहे. दोन वर्षांची मुदत ही सोय आहे; शरीराची आठवण तेवढी लांब नसते. म्हणून जागेवरच अधूनमधून सराव घेणारी तुकडी आणि प्रमाणपत्र फायलीत लावून निश्चिंत झालेली तुकडी यांत फरक पडतो.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. स्कॉटलंडजवळ पायपर अल्फा या तेलाच्या फलाटावर ६ जुलै १९८८ रोजी स्फोट होऊन १६७ जणांचा मृत्यू झाला. आणीबाणीत राहण्याच्या इमारतीत जमून आदेशाची आणि हेलिकॉप्टरची वाट बघायची, असे कामगारांना शिकवलेले होते. बरेच जण तसेच जमले. आदेश आला नाही, हेलिकॉप्टर उतरू शकले नाही आणि धुराने त्यांना गाठले. जे ६१ वाचले त्यांतल्या अनेकांनी शिकवण मोडून समुद्रात उड्या मारल्या होत्या. लॉर्ड कलन यांच्या १९९० च्या अहवालातल्या १०६ शिफारशींचा रोख म्हणूनच कामगाराच्या शिस्तीपेक्षा व्यवस्थेवर होता. धोके कोणते आणि ते कसे आटोक्यात ठेवणार, हे चालकानेच आधी सिद्ध करून दाखवावे, ही अपेक्षा तिथून रूढ झाली.

हेलिकॉप्टरच्या बाबतीतही तसेच घडले. शेटलंडमधल्या सम्बरा विमानतळाकडे येताना २३ ऑगस्ट २०१३ रोजी एक सुपर प्यूमा हेलिकॉप्टर समुद्रात पडून उलटले. १८ पैकी चौघे दगावले. त्यानंतर ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने प्रवाशांना पाण्याखाली लगेच वापरता येईल असे श्वसनयंत्र सक्तीचे केले आणि रुंद खांद्यांच्या प्रवाशाला त्याला पुरेल अशा खिडकीशेजारीच बसवण्याचा नियम आणला. खिडकीच लहान असेल, तर सुटकेचा सराव कितीही झाला तरी काय उपयोग?

सुरक्षाशास्त्रात उपायांची उतरंड सांगतात. धोकाच काढून टाका; ते जमले नाही तर रचना बदला; मग नियम आणि प्रशिक्षण; आणि तळाशी हेल्मेट-हार्नेस. स्थिर राहणारा पूल हा झेप घेण्याच्या सरावापेक्षा वरचा उपाय. ड्रोनने पात्याचे फोटो काढणे हे दोरीवर माणूस सोडण्यापेक्षा वरचे. प्रशिक्षण हा वरचे सगळे उपाय थकले तर उरणारा आधार आहे. त्यालाच पहिला आणि एकमेव मानले, की अपघातानंतर दोष नेहमी मेलेल्यावर येतो.

आपला समुद्र

भारतात समुद्रात अजून एकही पवनऊर्जा प्रकल्प उभा राहिलेला नाही. राष्ट्रीय सागरी पवनऊर्जा धोरण २०१५ चे आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर प्रत्येकी ५०० मेगावॉटसाठी, बंदरांच्या सुधारणेसह, ७,४५३ कोटी रुपयांच्या साहाय्याला मंजुरी दिली. एकीकडे खंभातचे आखात, दुसरीकडे मन्नारचे. महाराष्ट्राचा किनारा या पहिल्या टप्प्यात नाही, पण माणसे इथली असू शकतात. साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडी पठारांवर आणि धुळ्याच्या ब्राह्मणवेलला टर्बाइनवर चढणारे तंत्रज्ञ आहेत, आणि जीडब्ल्यूओची मान्यता असलेली प्रशिक्षण केंद्रे भारतातही आहेत. पहिले चार धडे त्यांना नवे नाहीत. पाचवा मात्र उत्तर समुद्रातून जसाच्या तसा उचलता येणार नाही.

अरबी समुद्राचे पाणी उबदार आहे. इथे पहिले मिनिट तितके जीवघेणे नसते, पण माणूस तासन् तास पाण्यात राहू शकतो आणि तहान, थकवा, खवळलेल्या लाटांचे तोंडावर बसणारे मारे त्याला संपवतात. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक देशात सर्वाधिक, आखाताच्या टोकाशी १० मीटरच्या घरात, आणि प्रवाह जोराचे. तिथे शिडीच्या किती पायऱ्या पाण्यावर असतील हे घड्याळ पाहून ठरेल. बंद नॅसेलमध्ये उष्णतेने घेरी येणे हा इथला रोजचा धोका असेल. आणि पावसाळ्याचे चार महिने छोट्या बोटी शिडीला लावता येतीलच, असे धरून चालता येणार नाही.

या समुद्राने आपल्याला धडे दिलेले आहेतच. मुंबई हाय या सागरी तेलक्षेत्रात २७ जुलै २००५ रोजी, मुंबईच्या महापुराच्या दुसऱ्या दिवशी, एका जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटे कापली म्हणून त्याला फलाटावर हलवण्यासाठी ते जहाज खवळलेल्या समुद्रात जवळ आले, वायूच्या नळीवर आदळले आणि आगीत अख्खा फलाट नष्ट झाला. २२ जणांचा मृत्यू झाला, ३६२ वाचले. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात कामगारांच्या निवासाचा पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसे होती आणि ७० हून अधिक गेली. जे वाचले त्यांतले कित्येक लाइफजॅकेटवर रात्रभर तरंगत होते. २८ जून २०२२ रोजी सागर किरण या रिगजवळ हेलिकॉप्टर पाण्यात उतरले. नऊपैकी चौघांचा मृत्यू झाला. जखमीची ने-आण, वादळापूर्वी परत फिरण्याचा निर्णय आणि हेलिकॉप्टरमधून सुटका: सागरी पवनऊर्जेच्या अभ्यासक्रमातले तीन कळीचे प्रश्न मुंबईसमोरच्या पाण्यात आधीच विचारले गेले आहेत.

पी-३०५ वर बहुसंख्य माणसे कंत्राटदारांची होती. वेल्डर, फिटर, रंगारी, स्वयंपाकी. सामाईक मानकाचे मोल इथे कळते. ते माणसाचा पगार कोण देतो हे विचारत नाही. टर्बाइनवर चढणाऱ्या प्रत्येकाकडे, मग तो कंपनीचा असो की पोटकंत्राटदाराचा, मुदतीतली नोंद मागते. आपल्याकडे प्रकल्प अजून उभे राहायचे आहेत, म्हणून हे आत्ता ठरवणे शक्य आणि स्वस्त आहे: प्रशिक्षणाचा खर्च मुख्य कंपनीने करावा, तो मजुरीतून कापू नये, धडे मराठी, गुजराती, तमिळ, हिंदीत असावेत, आणि ते बोटीवरच्या खलाशाला आणि आचाऱ्यालाही मिळावेत. किनाऱ्यावरचे तांडेल पिढ्यान् पिढ्या समुद्र वाचत आले आहेत. आज बोट काढायची नाही, हे ठरवण्याच्या कामात त्यांचा अनुभव कोणत्याही प्रमाणपत्राइतकाच उपयोगाचा ठरेल. पण त्यांनी ‘नाही’ म्हटल्यावर त्या दिवसाची मजुरी बुडणार नाही, असे कलम करारात असले पाहिजे. ते नसेल, तर तलावातला सगळा सराव एका खराब हवामानाच्या सकाळी वाया जाईल.